रग्बी जिमखान्याबाहेर कधी आली?

२०२५ च्या जूनमधली गोष्ट. शाळा नुकतीच सुरू झाली होती. आमच्या जोहे-हमरापूर भागात त्या दिवसांत गणपतीच्या कारखान्यांत हात रिकामा नसतो. घरातली मोठी माणसे मूर्तींच्या कामात आणि मुलांच्या हातात मोबाइल. मधल्या सुट्टीत नववीतला एक मुलगा जवळ आला आणि म्हणाला, "सर, काल रग्बी बघितली. ही तर बॉल घेऊन कबड्डीच आहे. मग आपल्याकडे का नाही खेळत?"

मुंबईत अंधेरीच्या क्रीडासंकुलात तेव्हा रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम चालू होता. सहा संघ आणि सात-सात खेळाडूंचे झटपट सामने. मुलाने बघितले होते तेच. मी त्याला तेव्हा दोन वाक्यांत काहीतरी सांगून वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. पेण-रोह्याकडच्या मुलाला पकड शिकवावी लागत नाही. पळत्या माणसाला कमरेखाली धरून पाडणे हे इथे भाताच्या कापलेल्या शेतात लहानपणीच येते. मग हा खेळ आपल्यापर्यंत का पोचला नाही? उत्तर शोधताना जो इतिहास हाती आला, तो थोडक्यात मांडतो.

पहिला धक्का म्हणजे रग्बी भारतात नवी नाही. २५ डिसेंबर १८७२ रोजी, नाताळच्या दिवशी, कलकत्त्यात सामना झाला. एका बाजूला इंग्लंडचे, दुसऱ्या बाजूला स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्सचे लोक. प्रत्येक बाजूला वीस खेळाडू. खेळ इतका आवडला की जानेवारी १८७३ मध्ये कलकत्ता फुटबॉल क्लब निघाला आणि १८७४ मध्ये तो इंग्लंडच्या रग्बी युनियनचा सभासदही झाला. खुद्द इंग्लंडची ही युनियन १८७१ ची. म्हणजे ही युनियन निघून दोन-तीन वर्षे होत नाहीत तोच क्लब आपल्या देशात उभा होता.

पण तो टिकला नाही. खेळणाऱ्या गोऱ्या पलटणीची बदली झाली, उरलेले साहेब टेनिस आणि पोलोकडे वळले. क्लबमधली फुकट दारू बंद झाल्यावर सभासद आणखी घटले, असेही सांगतात. शेवटी क्लब बंद करायचे ठरले. बँकेत शिल्लक होती. सभासदांनी ती चांदीच्या रुपयांत काढली, रुपये वितळवले आणि त्यांचा एक सुंदर चषक घडवून घेतला. मुठी नागाच्या, झाकणावर हत्ती. हा चषक १८७८ मध्ये त्यांनी इंग्लंडच्या युनियनला देऊन टाकला. इंग्लंड आणि स्कॉटलंड १८७९ पासून ज्या 'कलकत्ता कप'साठी खेळतात, तो हाच.

ही गोष्ट रग्बीच्या पुस्तकांत कौतुकाने सांगतात. मला मात्र ती वाचून वाईट वाटले. रुपये इथले, कारागिरी इथली, नाव इथल्या शहराचे. पण तो पैसा मागे राहून एखाद्या शाळेला चेंडू आणि मैदान मिळाले असते, तर? चषक गेला, मागे एकही देशी खेळाडू राहिला नाही. कारण त्या क्लबात देशी माणूस कधी आलाच नव्हता.

मुंबईत बॉम्बे जिमखाना १८७५ चा. जिमखाना हा शब्द 'गेंदखाना'वरून आला असे शब्दकोश सांगतात. गेंद म्हणजे चेंडू आणि खाना म्हणजे जागा, घर. उर्दू शिकवणाऱ्याला हा शब्द घरचाच वाटतो. पण इंग्रजी राज्यात या चेंडूघराचा दरवाजा युरोपियनांनाच उघडा होता. मुंबईत रग्बी पावसाळ्यात खेळतात, कारण पडायला मऊ, ओली जमीन लागते. तेव्हा आझाद मैदानालगतच्या त्या हिरवळीवर साहेब चिखलात लोळत आणि कुंपणापलीकडून मुंबईकर बघत.

इथे कोणी म्हणेल, इंग्रजांचेच खेळ ते, आपल्या लोकांना आवडले नसतील. पण हे पटत नाही. क्रिकेटही इंग्रजांचेच होते. पारशांनी १८४८ मध्ये स्वतःचा क्लब काढला, १८८५ मध्ये पारशी जिमखाना उभा केला. पुढे समुद्राकाठी हिंदू जिमखाना आणि इस्लाम जिमखानाही आले. १९०७ मध्ये हिंदू संघ आणि १९१२ मध्ये मुस्लिम संघ मुंबईच्या मोठ्या स्पर्धेत उतरला. जातीधर्मावर संघ पाडणे बरोबर नव्हते आणि त्यावर पुढे टीकाही झाली. पण एक खरे, त्यामुळे मैदान, सामान आणि शिकवणारी माणसे आपल्या हातात आली.

रग्बीत अंगाला अंग लागते, म्हणून गोऱ्यांनी आपल्याला दूर ठेवले असेल का? मला आधी तसेच वाटायचे. पण फुटबॉलमध्येही धक्काबुक्की असतेच. कलकत्त्यात मोहन बागान १८८९ मध्ये आणि मोहम्मडन स्पोर्टिंग १८९१ मध्ये सुरू झाले. १९११ मध्ये मोहन बागानच्या पोरांनी, बहुतेक अनवाणी पायांनी, गोऱ्या पलटणीला हरवून शील्ड जिंकली. मोहम्मडन स्पोर्टिंगने १९३४ पासून सलग पाच वर्षे कलकत्ता लीग घेतली. म्हणजे अडचण शरीराची नव्हती, हिमतीचीही नव्हती. क्रिकेट आणि फुटबॉलमध्ये आपले क्लब होते, रग्बीत नव्हते. एवढाच फरक.

अखिल भारतीय रग्बी स्पर्धा १९२४ मध्ये सुरू झाली आणि आजही होते. सुरुवातीला तिच्यावर पलटणींचाच ताबा होता. स्वातंत्र्यानंतर पलटणी गेल्या. राहिले ते चहाच्या मळ्यांतले आणि कंपन्यांतले साहेब. तेही हळूहळू गेले. तरी कलकत्त्यात खेळ संपला नाही. का? कारण तिथे ला मार्टिनियर आणि आर्मेनियन कॉलेज या शाळांत मुले रग्बी खेळत होती. शाळा सुटली की तीच मुले क्लबात जात. क्लबाला जिवंत ठेवले ते शाळेने.

शेजारच्या श्रीलंकेत हे आणखी स्पष्ट दिसते. तिथेही खेळ साहेबांनीच आणला. पण १९०६ मध्येच कँडीच्या किंग्जवुड आणि ट्रिनिटी या दोन शाळांचा सामना झाला. १९४५ पासून ट्रिनिटी आणि कोलंबोचे रॉयल कॉलेज ब्रॅडबी शील्डसाठी खेळतात आणि त्या सामन्याला सारे शहर लोटते. त्यामुळे साहेब गेल्यावर तिथले क्लब ओस पडले नाहीत.

आपल्याकडे देशाची रग्बी युनियन निघाली १९९८ मध्ये. कलकत्त्याच्या त्या पहिल्या सामन्यानंतर तब्बल १२६ वर्षांनी! त्याच वर्षी भारताचा संघ पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय सामन्यात उतरला. अभिनेते राहुल बोस त्या संघात होते.

कुंपण खऱ्या अर्थाने ओलांडले गेले ते पुढे. बॉम्बे जिमखान्यासमोर फॅशन स्ट्रीट आहे. तिथल्या फुटपाथवरची मुले जाळीतून सराव बघत उभी राहत. जिमखान्यात रग्बी खेळणाऱ्या मॅथ्यू स्पेसी या इंग्रज गृहस्थाने त्या मुलांना आत बोलावले आणि खेळायला शिकवले. त्यातूनच १९९९ मध्ये 'मॅजिक बस' ही संस्था उभी राहिली. मुले तीच, मैदान तेच. फक्त कोणीतरी 'या' म्हटले.

ओडिशात तर याहून मोठी गोष्ट घडली. भुवनेश्वरच्या कलिंग संस्थेच्या निवासी शाळेत आदिवासी मुले शिकतात. त्यांना चेंडू मिळाला आणि २००७ मध्ये लंडनला चौदा वर्षांखालील शालेय स्पर्धा जिंकून ती परत आली. पुण्यात २००९ च्या सुमारास मुलींची रग्बी उभी राहिली. नेहा परदेशी आणि वाहबीज भरुचा या पुण्याच्या मुली पुढे भारताच्या कर्णधार झाल्या. २०१९ मध्ये मनिलात भारतीय मुलींनी सिंगापूरला २१-१९ असे हरवले. पंधरा खेळाडूंच्या रग्बीत आपल्या मुलींचा तो पहिलाच आंतरराष्ट्रीय विजय. शेवटी विजयाचे गुण मिळवून देणारी सुमित्रा नायक त्याच भुवनेश्वरच्या शाळेतली.

लीग आली, टीव्ही आला, परदेशी खेळाडू आले, हे चांगलेच. त्याने नववीतल्या मुलाच्या मनात प्रश्न तरी उभा राहिला. पण लीग म्हणजे झाडाचा शेंडा आहे. वर्षभर चालणारे क्लब आणि त्यांना मुले पुरवणाऱ्या शाळा नसतील, तर आपलीही गत कलकत्त्याच्या त्या पहिल्या क्लबासारखी होईल. चषक चमकेल, मैदान रिकामे.

मी शिक्षक आहे, खेळाडू नाही. माझ्या अनेक वर्षांच्या नोकरीत खेळाचा तास म्हणजे गणिताचा राहिलेला धडा, हे मीही केले आहे. ती चूक माझी. मुलींना तर आठवीनंतर मैदानात पाठवायला घरचे तयार नसतात, आणि आम्ही शिक्षकही त्यांना समजवायला जात नाही. आपल्या समाजात हे जास्तच आहे. कुंपण फक्त साहेबांनीच घातले होते असे नाही.

त्या मुलाला मी नंतर बोलावून घेतले आणि सगळे सांगितले. त्याने शांतपणे ऐकले आणि विचारले, "म्हणजे सर, फक्त बॉल पाहिजे?"

म्हटले, बॉल आणि मैदान. बॉल मी आणतो.

भात कापून झाले की शेते मोकळी होतील. जमीन कडक असते तेव्हा, म्हणून पाडापाडी नको, नुसते हात लावून बाद करायचे. चेंडू हातातून मागेच द्यायचा, एवढा एक नियम पहिल्या दिवशी पुरे. मुलींचा वेगळा गट करायचा आहे. त्यांच्या घरी मीच जाणार आहे.