तडा गेल्यानंतरची ताकद

आमची अम्मी घराच्या मातीच्या भिंती लिंपायची, तेव्हा मातीत भाताचा पेंढा बारीक करून कालवायची. कशासाठी, असं विचारलं की म्हणायची, ‘भिंतीला तडा जायचाच रे, पण ती अंगावर पडता नये.’ बोगद्यांचा इतिहास वाचताना तेच वाक्य मला पुन्हा भेटलं.

शिकागोच्या फील्ड संग्रहालयात कार्ल एकली नावाचे गृहस्थ होते. मेलेले प्राणी जिवंत वाटावेत असे मांडून ठेवणं, हा त्यांचा व्यवसाय. इमारतीच्या ढासळत्या भिंतींसाठी त्यांनी 1907 साली हवेच्या दाबानं सिमेंट-वाळू फवारणारं यंत्र तयार केलं. 1911 मध्ये त्याचं पेटंट मिळालं. पुढे ही फवारणी बोगद्यात शिरली. पण नुसतं काँक्रीट ठिसूळ, म्हणून आत लोखंडी जाळी हवी. ती ठोकायला मजुरानं उघड्या खडकाखाली उभं राहायचं! 1970 च्या दशकात अमेरिकेत पोलादाचे बारीक तंतूच काँक्रीटमध्ये मिसळून फवारले जाऊ लागले. अम्मीचा पेंढाच म्हणा ना!

पण हे तंतू कामाचे की नाहीत, हे कसं ठरवायचं? ठोकळा दाबून फोडला तर मजबुती कळते, चिवटपणा कळत नाही. 1996 च्या युरोपीय नियमावलीत 600 मिलिमीटरची चौकोनी लादी चारही कडांवर टेकवून मधोमध दाबायला सांगितलं. लादीची बूड जरा वाकडी असली की ती नीट टेकत नसे. ऑस्ट्रेलियात स्टीफन बर्नार्ड यांनी गोल लादी घेतली, 800 मिलिमीटर व्यासाची, 75 मिलिमीटर जाडीची, आणि ती तीनच टेकूंवर ठेवली. तीन दगडांची चूल कधी डुगडुगते का?

लादीला तडे जातात, तरी दाब चालूच राहतो. मध्यभाग 40 मिलिमीटर खाली जाईपर्यंत तिनं किती ऊर्जा सोसली, ते ज्यूलमध्ये मोजतात. म्हणजे परीक्षा तडा गेल्यावरच सुरू होते.

नोव्हेंबर 2023 मध्ये उत्तराखंडच्या सिलक्यारा बोगद्यात 41 मजूर 17 दिवस अडकले होते. सगळे सुखरूप बाहेर आले. डोंगर कधी दगा देईल, सांगता येत नाही. अशा वेळी छतानं एकदम कोसळू नये, आधी तडकून इशारा द्यावा, खालच्या माणसाला पळायला अवधी द्यावा. प्रयोगशाळेतल्या त्या ज्यूलच्या आकड्यात हा अवधी दडलेला असतो.