साखर नॉर्मल, मग तक्रार कसली? पीसीओएस आणि इन्सुलिन यांच्या उशिरा झालेल्या ओळखीचा इतिहास

अकरावीत असताना मावशी मला म्हणायची, "मान घास गं नीट, किती मळ बसलाय." मी घासायचे. बेसन, लिंबू, एकदा तर भांड्यांची घासणीसुद्धा. मान लाल व्हायची, पण काळा पट्टा तसाच. पाळी तीन-तीन महिने यायची नाही. जेवण झाल्यावर डोळ्यांवर झापड यायची आणि दोन-तीन तासांनी हात थरथरायचे, काहीतरी गोड तोंडात टाकल्याशिवाय थांबायचे नाहीत. दवाखान्यात उपाशीपोटी रक्त घेतलं. साखर नॉर्मल आली. "वजन कमी कर," एवढं ऐकून आम्ही घरी आलो.

आता मी वैद्यकाच्या इतिहासात पीएचडी करते आहे (डॉक्टर होणार, पण त्या अर्थाने नाही). मान, पाळी आणि थरथरणारे हात या तीन तक्रारी एका धाग्यात ओवायला वैद्यकाला जवळपास साठ वर्षं लागली. का लागली, हे तुमच्यापैकी जे सिनॉप्सिस लिहायला बसले आहेत त्यांनी जरूर बघावं.

आधी एक इशारा. पीसीओएसवरच्या लेखांची सुरुवात बऱ्याचदा 1721 पासून होते. इटलीतल्या पादुआचे वल्लिस्नेरी यांनी मोठ्या, पांढुरक्या, उंचसखल अंडाशयांचं वर्णन केलं, म्हणून ते 'पहिले'. असले पहिलेपणाचे दावे जरा जपून वापरा. वल्लिस्नेरींपुढे हा आजारच नव्हता. आपण आजचा चष्मा लावून त्यांच्या ओळीत तो वाचतो. लिटरेचर रिव्ह्यूमध्ये अशी ओळ लिहिली की व्हायव्हाला नेमका त्यावरच प्रश्न येतो.

खरी सुरुवात 1921 मध्ये, पॅरिसला. अशार आणि तिएर या दोन डॉक्टरांनी चेहऱ्यावर पुरुषांसारखे केस आणि सोबत साखर पचवण्यातला बिघाड, अशी जोडी नोंदवली. लेखाच्या शीर्षकातच 'दाढीवाल्या बायकांचा मधुमेह' असा शब्दप्रयोग आहे. वाचताना अंगावर येतो, पण निरीक्षण पक्कं होतं. गंमत म्हणजे त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात टोरंटोमध्ये बँटिंग आणि बेस्ट कुत्र्यांवर प्रयोग करून स्वादुपिंडाचा अर्क काढत होते. म्हणजे पॅरिसच्या डॉक्टरांना जोडी दिसली, पण ती जोडणारा पदार्थ तेव्हा कुणाच्या हाती नव्हता. त्यांचा लेख एक विचित्र नोंद म्हणून कपाटात गेला.

1935 मध्ये शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल यांनी सात बायकांचा अभ्यास छापला. पाळी बंद आणि दोन्ही अंडाशय मोठे, गाठाळ. स्टाइन पोटात वायू भरून एक्स-रे काढण्यात तरबेज होते, त्यामुळे अंडाशयाचा आकार त्यांना बाहेरून दिसू शकला. त्यांनी अंडाशयाची पाचर कापून काढली. सातही जणींची पाळी परत सुरू झाली, दोघींना दिवस गेले. इतका ठळक निकाल लागल्यावर आजार कुठे आहे हा प्रश्नच उरला नाही. आजार अंडाशयात, म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे आणि म्हणून शस्त्रक्रियेत. पुढची कित्येक वर्षं त्याला स्टाइन-लेव्हेंथल सिंड्रोम हेच नाव राहिलं. मला हा टप्पा फार महत्त्वाचा वाटतो, कारण इथे कुणी चूक केली नव्हती. उपचार लागू पडला होता, आणि त्यामुळेच पुढचा प्रश्न विचारायची कुणाला गरज वाटली नाही.

बरोबर एका वर्षाने, 1936 मध्ये, लंडनमध्ये हॅरल्ड हिम्सवर्थ मधुमेह्यांना ग्लुकोज आणि इन्सुलिन एकाच वेळी देऊन बघत होते. काहींची साखर इन्सुलिनने आवरली गेली, काहींची तरीही चढली. इन्सुलिन अंगात असूनही शरीर त्याला दाद देत नाही, असा एक मधुमेह आहे, असं त्यांनी मांडलं. आज आपण ज्याला इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतो त्याचं हे मूळ. पण शिकागो आणि लंडनमधले हे दोन शोध एकमेकांना भेटले नाहीत. विभाग वेगळे, जर्नलं वेगळी, पेशंटही वेगळे.

शिवाय रक्तातलं इन्सुलिन नेमकं मोजता येत नव्हतं. मोजता यायची ती साखर. गोची इथेच आहे. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं आणि साखर ताळ्यावर ठेवतं. असं वर्षानुवर्षं चालू शकतं. उपाशीपोटीची साखर नॉर्मलच येते, कारण तिला नॉर्मल ठेवण्यासाठी आत दुप्पट-तिप्पट राबणं चालू असतं. जेवल्यावर साखर जास्त चढते, तिच्यामागे इन्सुलिनचा लोंढा येतो, आणि काही जणींची साखर मग गरजेपेक्षा खाली घसरते. घाम, थरथर, गोडाची ओढ, हे सगळं त्या उतरणीवरचं. सकाळी सातला दिलेल्या रक्तात यातलं काही सापडणार नाही.

ही अडचण सोडवली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात, रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी. किरणोत्सर्गी खूण लावलेलं इन्सुलिन आणि प्रतिपिंडं वापरून रक्तातलं अत्यल्प इन्सुलिन मोजायची रीत त्यांनी काढली. 1960 मध्ये ती सविस्तर छापली. त्याआधी, इन्सुलिनविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात हा त्यांचा पायाभूत निबंध नाकारला गेला होता, आणि ते नकाराचं पत्र यॅलोंनी 1977 च्या नोबेल व्याख्यानात दाखवलं. (तुमचा पेपर परत आला असेल तर हे लक्षात असू द्या, पण रिव्ह्यूअरला पाठवू नका.) मोठ्या वयात मधुमेह झालेल्या अनेकांच्या रक्तात इन्सुलिन कमी नव्हतं, उलट जास्त होतं. हिम्सवर्थ यांचा अंदाज आता आकड्यांत दिसू लागला.

आणि इथे माझी मान येते. 1976 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या कान आणि सहकाऱ्यांनी सहा पेशंटचं वर्णन छापलं. सगळ्या बायका. सगळ्यांना टोकाचा इन्सुलिन रेझिस्टन्स आणि त्वचेवर काळे, मखमलीसारखे जाड पट्टे. त्यांतल्या तरुण पेशंटच्या गटात अँड्रोजेन, म्हणजे ढोबळपणे ज्यांना पुरुषी संप्रेरकं म्हणतात, त्यांच्या अतिरेकाची लक्षणं होती. त्या पट्ट्यांचं नाव अ‍ॅकँथोसिस निग्रिकन्स. इन्सुलिनचं प्रमाण फार वाढलं की ते त्वचेच्या पेशींनाही वाढायला लावतं. तो मळ नसतोच, तर घासून जाणार कसा?

हे दुर्मीळ पेशंट होते. नेहमीच्या पीसीओएसचं काय, हे 1980 मध्ये मेम्फिसच्या बर्गेन, गिव्हन्स आणि किताबची यांनी पाहिलं. अभ्यास लहानसा, पण तुलनेचा गट बघा. पीसीओएस असलेल्या लठ्ठ बायकांची तुलना त्यांनी पीसीओएस नसलेल्या लठ्ठ बायकांशी केली. सडपातळ बायका घेतल्या असत्या तर 'हे सगळं वजनामुळे' म्हणून विषय मिटला असता. इन्सुलिन पीसीओएसच्या गटात जास्त निघालं, आणि ते अँड्रोजेनच्या पातळीशी जुळत होतं. 1989 मध्ये अँड्रिया ड्युनाइफ आणि सहकाऱ्यांनी क्लॅम्प पद्धत वापरली. एका शिरेतून ठरावीक वेगाने इन्सुलिन, सोबत साखर खाली येऊ नये इतकं ग्लुकोज. जितकं कमी ग्लुकोज लागेल तितका रेझिस्टन्स जास्त. सडपातळ पीसीओएसवाल्या बायकांतही तो सापडला. वजन तो वाढवतं, पण सगळा दोष वजनाचा नाही. "वजन कमी कर" हे वाक्य माझ्या कानात नऊ वर्षं होतं, म्हणून हा निबंध मी जरा जास्तच वेळा वाचला असेन.

तरी एक प्रश्न राहतोच. इन्सुलिनमुळे अँड्रोजेन वाढतं, की अँड्रोजेनमुळे इन्सुलिन? सहसंबंधावरून दिशा कळत नाही. त्याच 1989 मध्ये नेस्लर आणि सहकाऱ्यांनी डायझॉक्साइड देऊन पीसीओएसवाल्या बायकांचं इन्सुलिन खाली आणलं, तेव्हा टेस्टोस्टेरॉनही उतरलं. दिशा बरीचशी स्पष्ट झाली. घरात आजोबांना कमी ऐकू येतं म्हणून टीव्हीचा आवाज वाढवला, की ज्यांचे कान शाबूत आहेत त्यांचं डोकं उठतं, तसं हे आहे. स्नायूंना इन्सुलिन ऐकू येत नाही, अंडाशयाला मात्र चांगलं ऐकू येतं, आणि वाढलेल्या आवाजावर ते जास्त अँड्रोजेन बनवतं. त्याच वेळी टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं यकृतातलं प्रथिन इन्सुलिनमुळे कमी होतं. 1994 मध्ये व्हेनेझुएलातल्या बेलास्केस आणि सहकाऱ्यांनी मेटफॉर्मिनचा पहिला अभ्यास छापला, आणि मधुमेहाची गोळी पाळीच्या तक्रारीसाठी लिहिली जाऊ लागली.

एवढं होऊनही 1990 च्या अमेरिकी निकषांत किंवा 2003 च्या रॉटरडॅम निकषांत इन्सुलिन रेझिस्टन्स नाही. त्याला कारण आहे. क्लॅम्प काही गल्लीतल्या लॅबमध्ये होत नाही, आणि इन्सुलिनची साधी चाचणी एकेका पेशंटसाठी पुरेशी भरवशाची नाही. 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेतही रेझिस्टन्स मोजायला सांगितलेला नाही. निदानाच्या वेळी साखरेची तपासणी मात्र सांगितली आहे, वजन कितीही असो, आणि त्यासाठी सर्वांत अचूक मानली आहे ती 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी होणारी चाचणी.

ती मी पंचविसाव्या वर्षी करून घेतली. उपाशीपोटीची साखर नेहमीप्रमाणे नॉर्मल, दोन तासांनंतरची मात्र मर्यादेबाहेर. रिपोर्ट घेऊन मावशीकडे गेले आणि सांगितलं, "बघ, तो मळ नव्हता." तिने चष्मा लावून कागद उलटसुलट पाहिला, मग पदर बाजूला करून स्वतःची मान दाखवली. "माझीही अशीच आहे की गं. लग्नाआधीपासून." पुढच्या सोमवारी आम्ही दोघी ग्लुकोजची पाकिटं घेऊन लॅबच्या बाकावर बसलो होतो.