सन १८६५ ची मुंबई : सट्टा, नगरव्यवस्था आणि गिरणगावाची पूर्वपीठिका

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकातील मुंबईचा इतिहास लिहिताना १८६५ या वर्षाचा उल्लेख बहुधा एकाच संदर्भात होतो, तो म्हणजे शेअरसट्ट्याचा कोसळलेला डोलारा. प्रेमचंद रायचंद यांचा उदयास्त, बॅक बे कंपनीचे चढलेले व उतरलेले भाव आणि एका रात्रीत कफल्लक झालेले व्यापारी यांची कहाणी इतकी रंजक आहे की, त्या वर्षात शहरात आणखी काय घडत होते याकडे अभ्यासकांचे लक्ष कमी गेले. प्रस्तुत लेखात हे वर्ष आर्थिक अरिष्टापुरते मर्यादित न ठेवता एका वाढत्या औद्योगिक शहराच्या घडणीतील टप्पा म्हणून तपासण्याचा प्रयत्न केला आहे. सट्ट्याच्या काळात मुंबईत अमाप पैसा आला, पण त्या पैशातून औद्योगिक मुंबई उभी राहिली नाही. ती पुढे ज्या पायावर उभी राहिली, त्याचे काही दगड मात्र याच वर्षी बसविले गेले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

कापसाचा पैसा आणि त्याचा विनियोग

अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झाले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला. त्यामुळे ‘सुरती’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हिंदुस्थानी कापसाला मागणी आली. एरवी हा आखूड धाग्याचा, कचरा मिसळलेला माल म्हणून लिव्हरपूलच्या बाजारात हिणवला जात असे. १८६० ते १८६४ या काळात त्याचा तेथील भाव सुमारे चौपट झाला. युद्धकाळात नेहमीच्या किमतीच्या मानाने मुंबईला सुमारे आठ कोटी पौंड अधिक मिळाले, असा अंदाज इतिहासकार देतात. अतिशयोक्तीचा काही भाग वगळला तरी ही रक्कम शहराचे रूप पालटण्यास पुरेशी होती.

हा पैसा गेला कोठे, हा खरा प्रश्न आहे. १८६५ च्या प्रारंभी मुंबईत ३१ बँका, १६ वित्तसंस्था आणि ८ भूमी कंपन्या होत्या. विमा, जहाज आणि प्रेस कंपन्या वेगळ्याच. याउलट कापडगिरण्यांची संख्या सुमारे दहाच होती. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये कंपनी स्थापून ताडदेव येथे पहिली गिरणी उभारली, त्याला तोवर एक दशक उलटले होते. दशकभरात दहा गिरण्या ही प्रगती नगण्य नाही. परंतु ज्या शहरात बँका महिन्यामहिन्याला जन्म घेत होत्या, तेथे ती मंदच म्हणावी लागेल. याचे कारण उघड आहे. कच्चा कापूस गाठी बांधून जहाजावर चढविण्यात जो नफा होता, तो सूत काढण्यात नव्हता. महाग कापूस विकत घेऊन सूत काढणाऱ्या गिरणीमालकाला उलट तोशीस पडत होती. ज्या तेजीला मुंबईच्या औद्योगिक भाग्योदयाचे श्रेय सर्रास दिले जाते, त्या तेजीने गिरणीधंदा काही काळ रोखून धरला, हे त्यामुळे नमूद करणे आवश्यक वाटते.

शेअरबाजारातील व्यवहार प्रामुख्याने वायद्याचे होते. पैसा हाती नसताना ठरावीक दिवशी देण्याघेण्याच्या बोलीवर कागद फिरत असत, आणि अशा असंख्य सौद्यांच्या पूर्ततेचा दिवस १ जुलै १८६५ ठरला होता. समुद्र हटवून जमीन निर्माण करण्यासाठी निघालेल्या बॅक बे कंपनीचा पाच हजार रुपये भरणा असलेला शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला होता. जमीन अद्याप समुद्राच्या पोटात होती, हे कोणाच्या ध्यानात नव्हते असे नाही. कागद पुढच्या माणसाच्या गळ्यात घालता येईल, एवढाच काय तो भरवसा होता. बँक ऑफ बॉम्बे ही सरकारचा सहभाग असलेली इलाख्याची बँक होती. तिची सनद १८६३ मध्ये सैल करण्यात आल्याने शेअरच्या तारणावर कर्जे देण्याचा मार्ग तिला मोकळा झाला. माझ्या मते अरिष्टाची व्याप्ती वाढण्यास प्रेमचंद रायचंद यांच्या साहसापेक्षा हा निर्णय अधिक कारणीभूत आहे. एका व्यक्तीचा लोभ सर्वत्र असतो. त्याला सार्वजनिक बँकेची तिजोरी खुली होणे मात्र क्वचित घडते.

एप्रिल ते जुलै

जनरल ली यांनी ९ एप्रिल १८६५ रोजी शरणागती पत्करली. ही वार्ता मुंबईत येताच कापूस घसरला, आणि कापसावर उभे असलेले सर्व काही त्याच्यामागे घसरू लागले. कामा कुटुंबातील एका बड्या व्यापाऱ्याची पेढी बुडाली, तेव्हा बाजाराने धसका घेतला. १ जुलैपर्यंत बहुतेकांना परिणाम कळून चुकला होता. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांपर्यंत चढलेला शेअर पुढे ८७ रुपयांवर आला. दिवाळखोरीची प्रकरणे इतकी साचली की, त्यांच्या निकालासाठी खास कायदा करावा लागला. बँक स्वतः कशीबशी तग धरून राहिली आणि १८६८ मध्ये तिचे विसर्जन झाले. तिच्या कारभाराच्या चौकशीसाठी सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमण्यात आला.

फटका बसलेल्यांत केवळ सटोडिये नव्हते. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्या विद्वान व लोकसेवी गृहस्थांचीही मोठी हानी झाली. याच वर्षी जमशेटजी टाटा लंडनमध्ये हिंदी बँक काढण्याच्या खटपटीत होते. बँकेचा बेत तर बारगळलाच, शिवाय धनकोंना सामोरे जाण्याची वेळ त्यांच्यावर आली. आणि ३१ जुलै १८६५ रोजी जगन्नाथ शंकरशेट यांचे निधन झाले. रेल्वे, शिक्षण, नगरसुधारणा अशा प्रत्येक उपक्रमात चार दशके ज्यांचा हात होता, असा पुरुष शहराने नेमक्या या पडत्या काळात गमावला. शेटिया वर्गाच्या पुढाकाराचे एक पर्व येथे ओसरू लागले, असे म्हणता येईल. त्यानंतर सार्वजनिक व्यवहारात वकील, डॉक्टर आणि पदवीधर यांचा आवाज क्रमाने वाढत गेलेला दिसतो.

नवी नगरव्यवस्था

बाजार कोसळत असताना शहराच्या कारभाराची घडी मात्र नव्याने बसत होती. १८५८ च्या कायद्याने नेमलेल्या तीन आयुक्तांची व्यवस्था निष्प्रभ ठरली होती. तिच्या जागी १८६५ च्या दुसऱ्या कायद्यान्वये ‘जस्टिसेस ऑफ द पीस’ यांची संस्था आणि तिच्या बाजूला सरकारनियुक्त, व्यापक अधिकार असलेला एकच म्युनिसिपल कमिशनर अशी रचना झाली. जुलै १८६५ पासून आर्थर क्रॉफर्ड यांनी हे पद सांभाळले. आरोग्याधिकारी म्हणून डॉ. ह्यूलेट यांची नेमणूक झाली. फोर्टचा तट पाडण्याचे काम गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या काळात सुरू झालेच होते. रस्ते रुंदावणे, गटारांची सफाई, मैला वाहून नेण्याची व्यवस्था आणि मंडईची उभारणी ही कामे क्रॉफर्ड यांनी झपाट्याने हाती घेतली. त्यांच्या नावाची मंडई १८६९ मध्ये पूर्ण झाली. आज ती महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाने ओळखली जाते. ऑक्टोबर १८६५ मध्ये शहराच्या काही रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले.

या सुधारणांची गरज किती निकडीची होती, हे त्या वर्षीच्या रोगराईवरून समजते. १८६५ च्या हज यात्रेत पटकीने हजारो यात्रेकरू दगावले. साथ हिंदुस्थानातून जहाजांवाटे आली, असा आरोप युरोपीय राष्ट्रांनी केला आणि १८६६ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे आंतरराष्ट्रीय परिषद भरविली. मुंबई हे यात्रेकरूंचे प्रमुख बंदर होते. शहरातील मैल्याचा प्रश्न त्यामुळे शहरापुरता उरला नाही.

क्रॉफर्ड यांच्या काळात मृत्यूंचे प्रमाण घटल्याचे श्रेय त्यांच्या प्रशासनाला दिले जाते. ते सर्वस्वी नाकारता येणार नाही. तथापि याच काळात लोक मोठ्या संख्येने शहर सोडून जात होते. दाटी कमी झाली म्हणून मृत्यू घटले की गटारे साफ झाली म्हणून, हे केवळ एकूण मृत्यूंच्या आकड्यांवरून ठरविता येत नाही. शिवाय हा खर्च ऐन मंदीत करदात्यांकडून वसूल केला जात होता. घरभाडी उतरली असताना घरपट्टी चढत होती. त्यातून १८७१ चे करदात्यांचे आंदोलन उभे राहिले, क्रॉफर्ड यांना पद सोडावे लागले आणि १८७२ च्या कायद्याने अंशतः लोकनियुक्त अशी ६४ सदस्यांची महानगरपालिका अस्तित्वात आली.

लोहमार्ग, रयत आणि चाकरमानी

१ जानेवारी १८६५ रोजी थळ घाटातून इगतपुरीपर्यंतचा लोहमार्ग खुला झाला. बोरघाटाचे काम १८६३ मध्येच संपले होते. सट्टेबाजांच्या दृष्टीने ही घटना गौण असेल, पण खानदेश-वऱ्हाडचा कापूस बैलांच्या तांड्यांऐवजी वाघिणींतून बंदरात येण्याची सोय तिच्यामुळे झाली, आणि १८६७ मध्ये नागपूर मुंबईशी जोडले गेले. भाव उतरल्यावर कापूस स्वस्त झाला होता आणि तो आणण्याचा मार्गही तयार होता. तरीही भांडवल काही वर्षे बिचकूनच राहिले. गिरण्यांची संख्या खऱ्या अर्थाने वाढली ती १८७० नंतर. १८७५ च्या सुमारास ती पंचवीसच्या पुढे गेली. जमशेटजींनी चिंचपोकळीची बंद पडलेली तेलगिरणी घेऊन १८६९ मध्ये ‘अलेक्झांड्रा’ कापडगिरणी सुरू केली, ती याच संक्रमणाच्या काळात.

तेजीने रयतेच्या हाती आलेला पैसा आणि त्याच्या भरवशावर वाढलेली सावकारी पत, दोन्ही १८६५ नंतर आटली. १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांचे मूळ येथे शोधण्याचा प्रघात आहे. मात्र दंगे झालेल्या पुणे-नगरकडील गावांतून कापूस फारसा पिकत नव्हता, हे लक्षात घेता हा संबंध सरळ जोडणे धाडसाचे ठरेल. सारावाढ आणि सावकाराच्या बाजूने झुकणारी न्यायालये यांचा वाटा तेथे अधिक मोठा आहे.

१८६५ च्या घटनांत ज्यांची नोंद सर्वांत कमी आढळते, ते हातावर पोट असलेले लोक होत. भरावाची माती वाहणारे, तट फोडणारे, कुलाब्याच्या कापसाच्या वखारीत गाठी उचलणारे असे हजारो मजूर कोकणातून व घाटावरून आले होते. कंपन्या बुडाल्या तेव्हा त्यांचे नाव कोणत्याही धनकोंच्या यादीत नव्हते. त्यांचा माग लागतो तो शिरगणतीत. फेब्रुवारी १८६४ मध्ये शहराची लोकसंख्या ८,१६,५६२ मोजली गेली. १८७२ मध्ये ती ६,४४,४०५ भरली. पहिली गणना काहीशी फुगलेली असेल असे मानले तरी ही घट प्रचंड आहे. १८८१ मध्ये ७,७३,१९६ लोक होते, आणि १८६४ चा आकडा ओलांडण्यास १८९१ साल उजाडावे लागले. त्या वर्षीची संख्या ८,२१,७६४ होती. सट्ट्याच्या शहराने गमावलेली माणसे भरून काढण्यास गिरण्यांच्या शहराला पाव शतकाहून अधिक काळ लागला. पण परतलेली माणसे वेगळ्या कामासाठी आली होती. रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले लोक १८७२ मध्ये मुंबईत सुमारे ७१ हजार होते. १८८१ मध्ये ते सव्वा लाखावर गेले, आणि त्यांच्यातील मोठा वर्ग परळ, लालबाग, चिंचपोकळीच्या वाटेने भोंग्यावर जाऊ लागला होता.