ख्रिस्तपुराण आणि गोव्यातील नवख्रिस्ती समाजाचे आध्यात्मिक पोषण

फादर थॉमस स्टीफन्सकृत ‘ख्रिस्तपुराण’ (१६१६) मराठी वाङ्मयेतिहासात येते ते बहुधा त्यातील मराठी भाषेच्या स्तुतीपुरते. आपल्या अभ्यासक्रमांतही त्या मोजक्या ओव्यांपलीकडे विद्यार्थी क्वचितच जातो. परंतु सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ भाषाप्रेमाच्या उमाळ्यातून निर्माण झालेला नाही. बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाची श्रद्धा पुढे वाढावी कशी, या प्रश्नातून तो निर्माण झाला.

स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि त्याचे बहुतेक आयुष्य साष्टी प्रांतात गेले. तेथील परिस्थिती सौम्य नव्हती. १५६७ मध्ये साष्टीतील देवळे पाडण्यात आली. त्याच वर्षीच्या गोव्यातील धर्मपरिषदेने हिंदू आचारांवर निर्बंध घालणारे ठराव केले. १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे पाच जेझुइट मारले गेले. अशा काळात ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांपाशी प्रार्थना व प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षण होते. तथापि संध्याकाळी एकत्र बसून ऐकावे असे काही उरले नव्हते. पुराणश्रवण बंद झाले आणि त्याची जागा रिकामीच राहिली.

या उणिवेची कबुली ग्रंथातच मिळते. पहिल्या पुराणाच्या आरंभी एक ब्राह्मण पाद्रीला विनंती करतो. त्याचा आशय असा की, शिकवली जाणारी धर्मतत्त्वे उत्तम आहेत, परंतु जुनी पुराणे वर्ज्य केल्यावर त्यांच्या जागी दुसरे एखादे पुराण द्यावे. हा प्रसंग प्रत्यक्ष घडला की ती काव्ययोजना आहे, हा मुद्दा गौण मानता येईल. एका मिशनऱ्याने श्रोत्याच्या तोंडी आपल्याच शिक्षणपद्धतीतील न्यून घातले, ही गोष्ट प्रस्तुत लेखकास अधिक महत्त्वाची वाटते.

प्रश्नोत्तरांनी मनुष्य सिद्धान्त पाठ करतो. कथाश्रवणाने तो त्या कथेत राहू लागतो. स्टीफन्सने हे ओळखले असावे. म्हणून त्याने बायबलचा क्रम दोन पुराणांत व पंचाण्णव अवस्वरूंत मांडला. पहिल्यात सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याच्या प्रतीक्षेपर्यंतचा भाग येतो आणि दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. छंद ओवीचा, भाषा कोकणीचा संस्कार असलेली मराठी. स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणण्यासही त्याला संकोच वाटला नाही. रविवारी व सणांच्या दिवशी देवळांत त्याचे वाचन होई, तेव्हा श्रोत्यांना आशय नवा असला तरी ऐकण्याची रीत ओळखीची होती.

अर्थात या समन्वयाचे अवाजवी कौतुक करणे इतिहासाला धरून होणार नाही. त्याच ग्रंथात मूर्तिपूजेवर कठोर टीका आहे, आणि जी पोकळी भरून काढायची होती ती निर्माण करणाऱ्या राजसत्तेच्या छायेतच कवी काम करीत होता. तरीही केवळ ‘धर्मप्रसाराची युक्ती’ म्हणून हा ग्रंथ बाजूला सारणेही अपुरे आहे. मतांतर घडवून आणण्यासाठी एवढ्या विस्ताराची गरज नसते. आधीच ख्रिस्ती झालेल्या, वर्षानुवर्षे तेच ते ऐकू इच्छिणाऱ्या श्रोत्यासाठी मात्र ती असते.

१६४९ व १६५४ मध्ये ग्रंथ पुन्हा छापला गेला. पुढे २७ जून १६८४ च्या फर्मानाने व्हाइसरॉय कोंदे द आल्व्होर याने स्थानिक भाषेच्या वापराला बंदी करून तीन वर्षांत पोर्तुगीज शिकण्याची सक्ती केली. श्रद्धेच्या वाढीसाठी जी भाषा स्टीफन्सला अपरिहार्य वाटली होती, तीच आता श्रद्धेला अडथळा ठरविली गेली.

तिन्ही मुद्रित आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांतून, म्हणजे कोणीतरी हजारो ओव्या हाताने उतरवून घेतल्यामुळे. गोव्यातून दक्षिणेस स्थलांतरित झालेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीही अशी हस्तलिखिते जपली, आणि त्यांच्याच आधारे जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथे त्याची नवी आवृत्ती सिद्ध केली.