मुंबई–कोलकाता ट्रक वाहतूक

मुंबई–कोलकाता ट्रक वाहतूक : महाराष्ट्र व पश्चिम बंगाल यांच्यातील लांब पल्ल्याची रस्त्यावरील मालवाहतूक. अंतर मार्गानुसार सुमारे १,९०० ते २,००० किमी. छत्तीसगड, ओडिशा व झारखंडचा बहारागोडा भाग ओलांडून गाडी पश्चिम बंगालमध्ये शिरते.

मार्ग : रूढ मार्ग कसारा (थळ) घाट चढून नाशिकवरून धुळ्यास येतो. तेथून जळगाव, अकोला, अमरावती, नागपूर, भंडारा, देवरी, रायपूर, संबलपूर, खरगपूर असा जातो. धुळ्यापासून पुढचा रस्ता म्हणजे हजिऱ्याहून येणारा जुना राष्ट्रीय महामार्ग क्र. ६. २०१० मधील फेरक्रमांकनानंतर त्याचे तुकडे झाले. हजिरा ते संबलपूर भाग आता क्र. ५३ मध्ये मोडतो. वाहतूकदारांच्या बोलण्यात मात्र ‘सहा नंबर’ टिकून आहे. अमरावती–अकोला दरम्यान जून २०२२ मध्ये ७५ किमी लांबीचे डांबरीकरण सलग केल्याची नोंद गिनेस विक्रमात झाली. ७०१ किमीचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाल्यापासून नागपूरपर्यंत दुसरा पर्याय आहे. वाचलेले डिझेल व भरलेला टोल यांचा हिशेब गाडीगणिक वेगळा निघतो.

माल : मुंबई–भिवंडीकडून कापड, औषधे, रसायने, प्लॅस्टिकचे दाणे व यंत्रभाग, परतीला लोखंड, ताग, चहा, चामडी वस्तू. नाशिकचा कांदा आणि वरूड–मोर्शीची संत्री याच वाटेने पेट्रापोलमार्गे बांगलादेशातही जातात. भिवंडी तालुक्यात ग्रामपंचायतींच्या हद्दीत जकात नव्हती, हे तेथे गोदामे वाढण्याचे एक कारण मानले जाते. परतीचे भाडे न मिळाल्यास गाडी कोलकात्याजवळच्या धुलागड किंवा डानकुनी परिसरात थांबून राहते, आणि एका बाजूच्या भाड्यात फेरी भागत नाही.

परवाना : राष्ट्रीय परवान्याची योजना १९७५ पासून आहे. पूर्वी स्वतःचे राज्य धरून किमान चार राज्ये निवडावी लागत व राज्यागणिक वेगळी रक्कम भरावी लागे. ८ मे २०१० पासून देशभरासाठी वर्षाला १५,००० रुपयांचे एकत्रित शुल्क आले. ते पुढे १६,५०० झाले. जुन्या नियमांनुसार अशा गाडीचा साटा वाळलेल्या पानासारख्या तपकिरी रंगाचा, जाड पांढऱ्या किनारीचा असावा लागे आणि गाडीवर दोन चालक लागत. २०१८ मध्ये दोन्ही अटी गेल्या. आता पुढे-मागे ठळक अक्षरांत परवान्याचा उल्लेख पुरतो.

बिल्टी : माल ताब्यात घेताना वाहतूकदार देतो ती पावती. तिच्यावर माल पाठवणारा, घेणारा, नग, वजन, गाडी क्रमांक व भाडे लिहितात. भाडे आधी चुकते झाले असल्यास ‘पेड’, माल घेणाऱ्याने द्यायचे असल्यास ‘टू पे’ असा शेरा मारतात. ‘टू पे’ची बिल्टी हातात आल्याखेरीज कोलकात्याच्या बडाबाजारातील व्यापाऱ्याला माल सुटत नाही. बिल्टीवर बहुधा ‘जोखीम मालधन्याची’ असे छापलेले असते. तेवढ्याने वाहतूकदार निष्काळजीपणाच्या जबाबदारीतून सुटत नाही. १८६५ च्या कायद्याची जागा घेणारा रस्ता मालवाहतूक कायदा २००७ चा असून तो १ मार्च २०११ पासून लागू झाला. त्याखालील नियमांनुसार, मालाची जास्त किंमत आधी जाहीर केलेली नसेल तर भरपाई भाड्याच्या दहा पटींपर्यंतच मिळते. दाव्यापूर्वीची लेखी सूचना माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांत द्यावी लागते. अनेक छोटे व्यापारी किंमत जाहीर करत नाहीत आणि माल भिजला की दहापटीचा नियम त्यांना प्रथमच कळतो.

नाके व कर : १ जुलै २०१७ पूर्वी मुंबईत जकात, राज्यांच्या सीमांवर विक्रीकर व प्रवेशकराची तपासणी आणि बंगालात शिरण्यासाठी फॉर्म ५० चे वे-बिल अशी साखळी होती. जीएसटीनंतर कराचे नाके उठले. परिवहन खात्याची तपासणी उरली. १ एप्रिल २०१८ पासून ५०,००० रुपयांवरील आंतरराज्य मालास ई-वे बिल लागते. आरंभी दर १०० किमीस एक दिवस मुदत असल्याने या मार्गाला वीसेक दिवस मिळत. १ जानेवारी २०२१ पासून २०० किमीस एक दिवस झाल्याने ती दहावर आली. गाडी वाटेत बिघडल्यास मुदत संपण्याच्या आठ तास आधी वा नंतर ती वाढवून घेता येते. रस्त्याच्या रुंदीकरणापेक्षा कागदांतील बदलांनी येथे अधिक वेळ वाचवला, असे म्हणण्यास जागा आहे. ‘एन्ट्री’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या बेहिशेबी खर्चाबाबत गाडीमालक व अधिकारी यांची म्हणणी जुळत नाहीत.

भार : तीन आसांच्या दहाचाकी ट्रकची एकूण वजनमर्यादा २०१८ मध्ये २५ टनांवरून २८.५ टन झाली.

रेल्वेशी स्पर्धा : कोळसा व लोखंडात रेल्वे, फुटकळ मालात ट्रक.

चालक व क्लीनर : मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ ने कामाचे तास दिवसाला आठ ठरवले; या मार्गावर तो हिशेब क्वचितच पाळला जातो. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड मालवाहनांना वातानुकूलित केबिन बंधनकारक आहे. आधीच्या गाड्यांना हा नियम लागू नाही.