हवेचा बुडबुडा

जुन्या डिझेल मोटारीच्या टाकीतले तेल पार संपले, म्हणजे नुसते नवे तेल ओतून ती हलत नाही. स्टार्टर घरघरतो, बॅटरी उतरते, एंजिन ढिम्म. मग मिस्त्री येतो, फिल्टरवरचा स्क्रू सैल करतो आणि हातपंप दाबू लागतो. आधी फेस येतो, मग बुडबुडे, आणि शेवटी तेलाची सलग धार. "एअर धरली होती," एवढेच सांगून तो स्क्रू आवळतो.

गंमत अशी की, ज्या हवेला त्याने हाकलले तिच्याच खांद्यावर बसून हे एंजिन जगात आले.

१८९७ साली आउग्सबुर्ग येथे प्रोफेसर श्रोटर यांनी रूडॉल्फ डिझेलच्या यंत्राची परीक्षा घेतली. इंधनातील २६.२ टक्के उष्णता त्याने कामी लावली. वाफेची चांगली यंत्रेही त्या काळी याच्या जवळपास नव्हती. पण सिलिंडरात दाबून तापविलेल्या हवेत थेंबभर तेल घालावे कसे? तसा पंप डिझेलला साधला नाही. त्याने त्याहून अधिक दाबाच्या हवेने तेल आत फुंकले. त्यासाठी अवजड कॉम्प्रेसर आला. कारखान्यात, जहाजात तो खपला. मोटारीत ठेवणार कोठे? १९१३ च्या २९ सप्टेंबरच्या रात्री इंग्लंडला जाणाऱ्या 'ड्रेस्डेन' बोटीवरून डिझेल नाहीसा झाला. अपघात की आत्महत्या, यावर पुष्कळ शाई सांडली आहे. मला हळहळ वाटते ती त्याने डिझेलची मोटार पाहिली नाही याची.

ती मोटार शक्य केली रॉबर्ट बॉशच्या पंपाने. पेट्रोल एंजिनाच्या ठिणगीवर ज्याचा कारखाना वाढला, त्यानेच ठिणगी न लागणाऱ्या एंजिनाला आधार द्यावा! १९२२ साली त्याने हे काम हाती घेतले, १९२७ साली पंप कारखान्यातून बाहेर पडू लागले. १९३६ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मर्सिडीझ-बेंझची २६० डी उभी राहिली. ४५ अश्वशक्तीची, आणि टॅक्सीवाल्यांच्या खिशाला मानवणारी.

या पंपातला दट्ट्या नळीत इतका घट्ट बसतो की, मधली फट मिलिमीटरच्या काही हजारांश भागांची. वंगण वेगळे नाही. डिझेल हेच त्याचे वंगण. म्हणून टाकीतले पाणी आणि धूळ त्याचे हाडवैरी. फिल्टर वेळेवर बदलणे आणि त्याच्या तळाशी साचलेले पाणी सोडून देणे, यात कंजुषी करणारा मालक पुढे पंपाच्या दुरुस्तीला दसपट मोजतो. हवेचे वैर निराळे. तेल दाबले जात नाही, हवा दाबली जाते. दट्ट्याचा सारा जोर बुडबुडा गिळतो आणि नोझल उघडतच नाही.

आपल्याकडे बॉशची कंपनी १९५१ साली बंगलोरला निघाली, पुढे नाशिकलाही नोझले होऊ लागली. पण जुन्या गाडीचे दुखणे बहुधा नोझलात नसते. टाकीपासून पंपापर्यंतच्या रबरी नळीला बारीक चीर जाते. तेथून तेल गळेलच असे नाही. पंप तेल ओढतो तेव्हा बाहेरची हवा आत शिरते. खाली जमीन कोरडी, म्हणून मालक निर्धास्त. आणि रात्रभरात तेल टाकीकडे परतल्यामुळे सकाळी गाडी अडून बसलेली. अनुभवी मिस्त्री अशा वेळी पंप उघडीत नाही. आधी नळीच्या टोकांवरून बोट फिरवितो, चार आण्याची वाटावी अशी क्लिप बदलतो, आणि मग हातपंपाकडे वळतो.