चूक जिभेची की कानाची?

इंग्रजीच्या तासाला 'वेस्ट' म्हणजे पश्चिम आणि 'व्हेस्ट' म्हणजे बंडी, हे दोन शब्द आपण मुलांकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतो. एकाला ओठांचा चंबू, दुसऱ्याला वरचे दात खालच्या ओठावर. मूल आपल्या तोंडाकडे बघून एकदा बरोबर म्हणते आणि दुसऱ्या दिवशी दोन्हींना पुन्हा तोच एक 'व'. मग 'जीभ जड आहे' असा शेरा मारून आपण मोकळे होतो. आमच्यापैकी काहींनी हा शेरा लहानपणी खाल्ला आहे, आणि पुढे शिक्षक झाल्यावर दिलाही आहे. तो कितपत खरा आहे, हे कळायला ध्वनिशास्त्राला जवळजवळ शंभर वर्षे लागली.

सुरुवात जिभेपासूनच झाली. रक्तदाब मोजण्यासाठी कार्ल लुडविग या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १८४७च्या सुमारास कायमोग्राफ हे यंत्र बनवले होते. फिरत्या नळकांड्यावर काजळी धरलेला कागद आणि त्यावर रेघ ओढणारी सुई, एवढेच ते यंत्र. फ्रान्समधील झां-पिएर रूसलो या पाद्र्याने ते उच्चारांच्या अभ्यासासाठी वापरले. तोंडातून व नाकातून येणारी हवा आणि स्वरयंत्राचे कंप यांच्या रेघा काजळीवर उमटू लागल्या. टाळूवर बसवायचा एक पातळ साचाही तो वापरत असे. साच्याला खडूची पूड लावायची, वर्ण उच्चारायचा आणि साचा बाहेर काढायचा. जीभ जेथे टेकली तेथली पूड पुसलेली दिसे. १८९७ साली पॅरिसच्या कॉलेज द फ्रान्समध्ये त्याची प्रयोगशाळा सुरू झाली.

ही यंत्रे तोंडात काय घडते ते दाखवत, त्यामुळे उपायही तोंडाचाच सुचला. जीभ योग्य जागी ठेवली की उच्चार योग्य होणार! पुढे ध्वनिमुद्रण आले तरी हा समज हलला नाही. १९५७ साली रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला. धास्तावलेल्या अमेरिकेने १९५८मध्ये शिक्षणासाठी खास कायदा केला आणि विज्ञान-गणिताबरोबर परभाषांवरही पैसा ओतला. शाळा-कॉलेजांत भाषा-प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. कानाला हेडफोन, समोर टेपरेकॉर्डर. ऐका, म्हणा, स्वतःचा आवाज परत ऐका आणि चूक सुधारा. विद्यार्थ्याला चूक ऐकू येते, असे यात गृहीतच धरले होते.

हे गृहीतक तपासता आले ते आवाजाचे चित्र काढणाऱ्या यंत्रामुळे. अमेरिकेतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात साउंड स्पेक्ट्रोग्राफ तयार झाला. एका वेळी फक्त २.४ सेकंदांचे बोलणे तो घेई आणि कोणत्या क्षणी कोणत्या वारंवारितेवर किती जोर आहे, हे कागदावर काळ्या पट्ट्यांनी दाखवी. कर्णबधिरांना बोलणे डोळ्यांनी वाचता यावे, अशी त्याच्या निर्मात्यांची आशा होती. ती फारशी फळली नाही. ध्वनिशास्त्राला मात्र सूक्ष्मदर्शक मिळाला.

या यंत्राच्या साहाय्याने लिस्कर आणि अब्रॅमसन या अमेरिकी संशोधकांनी १९६४ साली अकरा भाषा तपासल्या. त्यांत आपली मराठीही होती. अडवलेली हवा सुटल्यानंतर किती वेळाने स्वरतंतू कंप पावू लागतात, हा काळ त्यांनी मोजला. इंग्रजी शब्दाच्या आरंभीच्या 'टी'साठी तो सरासरी ७० मिलिसेकंद भरला, 'डी'साठी ५. आपल्या ट-तमध्ये हा विलंब अगदी थोडा असतो. म्हणूनच आपले 'टेन' इंग्रजाच्या कानाला 'डेन'कडे झुकलेले वाटू शकते. कागदाची पातळ पट्टी ओठांसमोर धरून 'ताट' आणि 'थाट' म्हणून पाहा. पट्टी केव्हा हलते? इंग्रज 'टेन' म्हणेल तेव्हाही ती हलेल. गंमत म्हणजे ही मोजपट्टी इतर भाषांत छान चालली, पण हिंदी-मराठीच्या 'द' आणि 'ध'ला वेगळे करू शकली नाही. 'दार' आणि 'धार' यांतला फरक केवळ या वेळेचा नाहीच!

कानाचा खरा निवाडा जपानी लोकांच्या निमित्ताने झाला. जपानीत आपल्या 'र' आणि 'ल'सारखी जोडी नाही, दोन्हींच्या मधला एकच ध्वनी आहे. १९७१ साली गोतो या संशोधकाला असे आढळले की काही जपानी माणसे इंग्रजी 'आर' व 'एल' इतके नीट उच्चारत की अमेरिकनांना ते बिनचूक ओळखता येत, पण ऐकताना त्यांना स्वतःला फरक कळत नसे. म्हणजे जीभ तयार, कान नाही! १९७५ साली जपानी-अमेरिकी गटाने आणखी खोलात जाऊन पाहिले. चित्रात या दोन ध्वनींचा मुख्य फरक खालून तिसऱ्या पट्ट्यात दिसतो. 'आर'मध्ये तो बराच खाली येतो. यंत्राने बनवलेल्या 'रा-ला'मधला फरक जपान्यांना जवळजवळ ओळखता येईना. मग तेवढाच तिसरा पट्टा वेगळा काढून ऐकवला. तो बोलण्यासारखा वाटत नाही, नुसता एक आवाज वाटतो. त्यातला फरक मात्र त्यांना अमेरिकनांइतकाच चांगला कळला. कान शाबूत होता. 'हे बोलणे आहे' असे वाटले की मेंदू तो फरक बाजूला सारत होता.

ही सवय कधी जडते? कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले 'ट' आणि 'त' ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळला. दहा-बारा महिन्यांपर्यंत ती क्षमता बरीच ओसरली होती. आपल्या मुलांचा 'व' शाळेत येण्याच्या किती आधी ठरून गेलेला असतो, याचा यावरून अंदाज येतो.

मग मोठेपणी काहीच होत नाही का? १९८४च्याच एका प्रयोगात यंत्राने बनवलेल्या 'रॉक-लॉक'वर सराव दिला गेला. त्या आवाजांवर प्रगती झाली, पण माणसांनी उच्चारलेल्या शब्दांपर्यंत ती पोहोचली नाही. १९९१मध्ये इंडियाना विद्यापीठात लोगन, लाइव्हली आणि पिसोनी यांनी उलटा मार्ग धरला. एकच शुद्ध नमुना न देता पाच वेगवेगळ्या माणसांनी म्हटलेल्या शब्दजोड्या वापरल्या आणि प्रत्येक उत्तर चुकले की बरोबर, ते लगेच सांगितले. तीन आठवड्यांत ओळखण्याचे प्रमाण ७८ टक्क्यांवरून ८६ टक्क्यांवर गेले. वाढ डोळे दिपवणारी नाही, आणि प्रयोगात जपानी विद्यार्थी अवघे सहाच होते. पण १९९७ साली अशाच प्रशिक्षणानंतर असे दिसले की, बोलण्याचा काहीही सराव न देता केवळ ऐकण्याने त्यांचे उच्चारही सुधारले. सर्वांचे सारखे नव्हे, पण सुधारले.

१९९०च्या दशकात ॲमस्टरडॅम विद्यापीठातील बुर्स्मा आणि वेनिंक यांनी 'प्रात' हा संगणक-कार्यक्रम बनवला. तो फुकट मिळतो आणि बेल प्रयोगशाळेतल्या यंत्राचे काम शाळेच्या साध्या संगणकावर करतो. 'वेस्ट-व्हेस्ट'सारख्या वीस जोड्या, इंग्रजी मातृभाषा असलेल्या चार-पाच वेगळ्या माणसांच्या आवाजात मिळवाव्यात. मुलांनी ऐकून फक्त कागदावर 'डब्ल्यू' किंवा 'व्ही' लिहायचे आणि आपण लगेच उत्तर सांगायचे. पहिले तीन आठवडे कोणालाही तो शब्द म्हणायला लावू नये.